चार प्रश्न विचारता, पाचवा कधी विचारणार?

प्रति,
एआरटी केंद्रांवरचे, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या केंद्रांवरचे डॉक्टर, काउन्सेलर, सिस्टर आणि गोळ्यांच्या खिडकीमागचे सगळे,
महाराष्ट्र राज्य.

विषय : आमच्या पिशवीत गोळ्यांच्या बाटलीशिवाय आणखी काय असतं, याबाबत.

सप्रेम नमस्कार.

खोकला? नाही. ताप? नाही. वजन कमी झालंय? नाही. रात्री घाम येतो? नाही.

पांढऱ्या कार्डावर चार खुणा होतात, उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात, हिरव्या पुस्तकात पुढची तारीख पडते आणि मी उठते. मागे बाकांवर साठ-सत्तर जण बसलेले असतात, त्यांतल्या निम्म्यांना दुपारची एसटी गाठायची असते. हे चार प्रश्न टीबी वेळेत पकडायला आहेत, ते मला पाठ आहेत, आणि त्यांनी आमच्यातली किती माणसं वाचवली तेही मी बघितलंय. त्या चारांबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती न विचारलेल्या पाचव्याबद्दल. २००८ पासून मी गोळ्या घेते. एवढ्या वर्षांत "ताई, याच्यासोबत आणखी काय काय घेता?" असं मला फक्त एकदा विचारलं गेलं, आणि तेही एका नव्या मुलाने, ज्याला अजून घाई करायची सवय लागली नव्हती. त्या एका प्रश्नाने माझं काय झालं ते पुढे सांगतेच. आधी पिशवीचं सांगते.

आमच्या गटातली एक बाई आहे. लग्नाला बारा वर्षं झाली, सासूला अजून काही माहीत नाही. ती केंद्रावरून निघताना बाटलीत कापूस कोंबते, म्हणजे एसटीत गोळ्या खुळखुळत नाहीत. घरी गेली की बाटलीवरचा कागद खरवडते आणि ती बाटली च्यवनप्राशच्या रिकाम्या डब्यात ठेवते. त्या डब्याला घरात कुणी हात लावत नाही, कुणी काही विचारत नाही. उलट सासू म्हणते, "घेते बाई तब्येतीचं." शेजारच्या फळीवर खरं च्यवनप्राश, आस्कंदाचं चूर्ण, गुळवेलीचा काढा, कोरफडीच्या रसाची बाटली, सगळं राजरोस मांडलेलं. ज्या औषधावर ती जगते ते लपून बसलेलं, आणि बाकीचं सगळं दर्शनी. तिला या झाडपाल्याबद्दल आपुलकी का वाटते, हे कळायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

तुम्हाला वाटतं आम्ही अडाणी आहोत म्हणून काढे पितो. जरा मागे चला.

माझे मिस्टर २००३ मध्ये गेले. त्यानंतर माझी तपासणी झाली. तेव्हा सरकारी गोळ्या नव्हत्याच. बाहेर मिळायच्या, पण महिन्याचा खर्च आमच्या शेतमजुरीच्या घराला ऐकवतसुद्धा नव्हता. मुंबईच्याच सिप्ला कंपनीने २००१ मध्ये आफ्रिकेसाठी रोज एका डॉलरच्या आत औषध देऊ असं सांगितलं होतं, पण आमच्या गावापर्यंत ती बातमीही आली नाही आणि औषधही. १ एप्रिल २००४ ला सरकारने मोफत एआरटी सुरू केली, देशभरात आठ केंद्रं, त्यात मुंबईचं जे. जे. एक. पुढे जिल्ह्याला केंद्र आलं. मी गेले. सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा, आला ४१२. मॅडम म्हणाल्या, "छान आहे, अजून गोळ्यांची गरज नाही. सहा महिन्यांनी या."

तेव्हाचा नियमच तो होता. सीडीफोर २०० च्या खाली गेला की गोळ्या. नंतर ती रेघ ३५० वर गेली, मग ५०० वर, आणि २०१७ मध्ये रेघच पुसली गेली: तपासणीत सापडला की लगेच उपचार. आज नवीन आलेल्या पोरांना हे सांगितलं तर खोटं वाटतं. पण माझ्या वयाच्या माणसांनी "अजून गरज नाही" हे वाक्य घेऊन वर्षंच्या वर्षं घरी काढलीत. अंगात रोग आहे, नवरा त्याच रोगाने डोळ्यांसमोर गेलाय, आणि डॉक्टर म्हणतो काही घेऊ नका, फक्त थांबा. तुम्ही थांबला असता?

मी थांबले नाही. तालुक्याच्या गावी दर मंगळवारी एक वैद्य बसायचा. त्याने माझं पाऊण तास ऐकलं. मग मनगट धरून नाडी बघितली. उघड्या हाताने. त्याच महिन्यात एका दवाखान्यात माझं रक्त घेताना सिस्टरने हातमोज्यांवर हातमोजे चढवले होते आणि बाटली दोन बोटांत धरली होती, मेलेली पाल धरावी तशी. या माणसाने सरळ हात धरला आणि म्हणाला, "घाबरू नका, शक्ती वाढवू." पुड्यांचे महिन्याला आठशे रुपये घेतले. त्या पुड्यांनी काही झालं नाही, हे आज मला कळतं. पण त्या आठशे रुपयांत मी काय विकत घेत होते, तेही मला नीट माहीत आहे.

सीडीफोर १८३ वर आला तेव्हा गोळ्या सुरू झाल्या. त्या काळचं औषध म्हणजे स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेव्हिरापिन. जीव वाचला. पण दोन वर्षांत पायात आग आणि मुंग्या, रात्री चादरीचा स्पर्श सोसवेना. गालांची चरबी गेली, चेहरा असा खोबणी पडल्यासारखा झाला की आमच्या भागातलं शेंबडं पोरही ओळखायचं, "त्या गोळ्या चालू आहेत." केंद्रावर सांगितलं तर उत्तर आलं, "जीव महत्त्वाचा की गाल?" बरोबर होतं उत्तर. फक्त ऐकून घेणारं नव्हतं. मग पायांना तेल आलं, गालांसाठी शतावरीकल्प आलं, थकव्याला आस्कंद आला. स्टॅव्हुडिन पुढे सरकारने स्वतःच बंद केलं. म्हणजे आमची तक्रार खरी होती. पण घरात आलेल्या बरण्या काही परत गेल्या नाहीत.

मग आला कोरोना. २०२० मध्ये खुद्द आयुष मंत्रालयाने काढा सांगितला: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. टीव्हीवर, रेशन दुकानावर, ग्रामपंचायतीच्या फलकावर, सगळीकडे 'प्रतिकारशक्ती वाढवा'. आता हा शब्द आमच्या कानात कसा पडतो याचा विचार करा. ज्या आजारात प्रतिकारशक्तीच जाते असं तुम्ही आम्हाला पहिल्या दिवशी चित्र काढून समजावलं, त्या माणसांच्या दारात रोज कुणीतरी ओरडतंय की प्रतिकारशक्ती बाटलीत मिळते. आम्ही नाही घ्यायची तर कुणी घ्यायची?

आता माझी गोष्ट.

२०२१ च्या सुमारास आम्हाला नवीन गोळी मिळाली. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिर, तिन्ही एकात, दिवसातून एक. फार चांगली गोळी. आधीच्या एफाव्हिरेन्झ या औषधाची भयानक स्वप्नं बंद झाली, सकाळी उठल्यावर डोकं गरगरायचं थांबलं. मी ती पहाटे सहाला घ्यायचे, रिकाम्या पोटी, कामाला निघण्याआधी. वर्षभराने व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती याचा, रिपोर्ट आला. आधीची सगळी वर्षं 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे विषाणू दिसतच नाही. यावेळी २,३४०.

काउन्सेलर मॅडमनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि विचारलं, "किती डोस चुकवले?" एकही नाही, मी सांगितलं. बाटलीतल्या गोळ्या मोजल्या. हिशेब बरोबर. "टाकून तर देत नाही ना?" मला काय बोलावं ते सुचेना. तीन महिने दर महिन्याला बोलावलं, गोळी का चुकवू नये हे समजावून सांगितलं. मी गटातल्या पंचवीस बायकांना तेच समजावून सांगत फिरते, मॅडम. मान खाली घालून ऐकलं. घरी येऊन रडले. तेरा-चौदा वर्षं जो विषाणू झोपला होता तो उठला कसा, दुसऱ्या लाइनवर, म्हणजे पहिल्या गोळ्या चालेनाशा झाल्यावर देतात त्या औषधांवर, जावं लागणार का, हेच डोक्यात.

तिसऱ्या महिन्यात गोळ्यांच्या खिडकीवर नवा मुलगा होता. बाटली देताना सहज म्हणाला, "ताई, ही कशासोबत घेता?" पाण्यासोबत. "तसं नाही, आणखी काय चालू असतं त्या वेळेला?" मी म्हटलं, पित्ताचं. "काय पित्ताचं?" पिशवीत डबी होती, काढून दिली. कामदुधा. आपल्याकडे कुठल्या घरात नसते? सूतशेखर आणि कामदुधा म्हणजे महाराष्ट्राचं पित्ताचं पाणी. सकाळी सहाला एआरटीची गोळी आणि तिच्या पाठोपाठ कामदुधाच्या दोन, म्हणजे दिवसभर घशाशी येत नाही.

त्या मुलाने डबी डोळ्यांजवळ धरून बारीक अक्षरं वाचली. "मौक्तिक, प्रवाळ, शुक्ती, वराटिका, शंख. ताई, मोती, पोवळं, शिंपला, कवडी, शंख. हे सगळं कॅल्शियमच की! आणि गैरिक म्हणजे गेरू, त्यात लोह." मग त्याने हातातली दोन बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. "तुमची नवीन गोळी पोटात गेली की कॅल्शियम-लोहाला अशी चिकटते. मग रक्तात जातच नाही, तशीच बाहेर पडते."

कामदुधा तिथेच बंद करायला लावली का? नाही. म्हणाला, "गोळी रात्री जेवल्यावर घ्या. ही हवीच असेल तर सकाळी." एवढंच. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला, पुन्हा 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. त्या तीन समुपदेशनांनी जे झालं नाही ते खिडकीवरच्या दीड मिनिटाने केलं.

यात गुप्त असं काहीच नाही, हे मला नंतर कळलं. डोलुटेग्राव्हिरच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. रिकाम्या पोटी लोहाच्या गोळीसोबत घेतलं तर औषध जवळजवळ निम्म्याने कमी शोषलं जातं. अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या अँटासिडसोबत घेतलं तर पाऊण हिस्सा वाया जातो. म्हणून गोळी आधी घ्या आणि बाकीचं दोन तासांनी, किंवा ते आधी घेतलं असेल तर गोळीला सहा तास थांबा. कॅल्शियम किंवा लोह भरल्या पोटी गोळीसोबत चालतं, अँटासिड मात्र तेव्हाही चालत नाही. काही केंद्रांवर गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्यांबद्दल हे सांगतातही. पण भस्मांबद्दल? मंडूर आणि लोहभस्म म्हणजे लोह, शंखभस्म आणि प्रवाळपिष्टी म्हणजे कॅल्शियम, यशदभस्म म्हणजे जस्त, अभ्रकभस्म म्हणजे अभ्रक, ज्यात अॅल्युमिनियमही येतं. तुम्ही 'कॅल्शियमची गोळी घेता का' असं विचारलंत तर बाई प्रामाणिकपणे नाही म्हणणार. ती शंखभस्म घेते. तिच्या लेखी ते कॅल्शियम नाही, ते शंखभस्म आहे.

आणि सगळ्याला 'आयुर्वेदिक' म्हणून एका टोपलीत टाकू नका, एवढी विनंती. आमटीतला लसूण वेगळा आणि लसणाची कॅप्सूल वेगळी. अमेरिकेत २००२ मध्ये निरोगी लोकांना लसणाच्या गोळ्या देऊन बघितलं, तर साक्विनाव्हिर या जुन्या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर आलं. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती उदासीवर घेतात, तिने इंडिनाव्हिर या दुसऱ्या जुन्या औषधाचं प्रमाण अर्ध्याहून जास्त घटवलं. ती आपल्या बांधावर उगवत नाही, पण ऑनलाइन मागवता येते, आणि आमची शिकलेली पोरं मागवतात. उलटंही होतं. मिऱ्यातलं पिपेरिन नेव्हिरापिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. सुंठ-मिरी-पिंपळीचं त्रिकटू चूर्ण घेणाऱ्यांना त्या काळात हे कुणी सांगितलं होतं? आमटीत मिरी पडली तर काही बिघडत नाही. चमचा-चमचा चूर्ण रोज, महिनोन् महिने, ही वेगळी गोष्ट आहे.

गुळवेलीचं तर आपल्या घरचं उदाहरण आहे. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईत सहा जण यकृत बिघडून डॉक्टरांकडे आले, सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये ते छापून आलं तेव्हा आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वेल नक्की कुठली होती ते तपासलेलं नाही, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीही आहेत. भांडण कुणी जिंकलं हा माझा विषय नाही. माझा विषय हा, की बांधावरच्या कडुलिंबावर चढलेली वेल तोडून काढा करणाऱ्या बाईला ती कुठली जात आहे हे ओळखू येत नाही, आणि आमच्यातल्या कितीतरी जणांना बी किंवा सी काविळीची जोड आधीच असते. केंद्रावर यकृताची तपासणी होते. आकडा वाढलेला दिसला की तुम्ही गोळ्या बदलण्याचा विचार करता. काढ्याचं कुणी विचारत नाही.

मूत्रपिंडाचंही तसंच. टेनोफोव्हिर मूत्रपिंडावर ताण टाकू शकतं म्हणून तुम्ही क्रिएटिनिन बघता. बॉस्टनमधल्या दुकानांत मिळणारी दक्षिण आशियातली ७० आयुर्वेदिक औषधं २००४ मध्ये तपासली, तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. तिथे कुणी मोजलं म्हणून कळलं. आमच्या बाजारातल्या बिननावाच्या पुडीत काय असतं, ते बांधणाऱ्यालाच ठाऊक.

त्या पुड्यांबद्दल एक सांगते. आमच्यातल्या एका भाऊंना दोन आठवड्यांत सपाटून भूक लागायला लागली, अंगात तरतरी आली, सांधे दुखायचे थांबले. पुडीवाल्याचं कौतुक करताना थकत नव्हते. चार महिन्यांनी तोंड वाटोळं झालं, पोट सुटलं, साखर वाढली. दुसऱ्या लाइनवर होते, रिटोनाव्हिर चालू. डॉक्टरांनी बघताक्षणी ओळखलं, पुडीत स्टिरॉइड. आणि रिटोनाव्हिर असलं की बरीच स्टिरॉइडं शरीराबाहेर लवकर पडत नाहीत, साचतात. भाऊ अजूनही म्हणतात, "पण गुण आला होता." आला होताच. तीच तर फसवणूक.

माझा दीर मात्र पुन्हा उभा राहिला नाही. २०११ ला त्याला कुणीतरी सांगितलं, इंग्रजी औषध उष्ण, आमचं शीत, दोन्ही एका वेळी चालणार नाही, आधी ते बंद कर. त्याने केलं. सात महिने. मेंदूचा टीबी झाला. त्याचं हिरवं पुस्तक अजून माझ्याकडे आहे, त्यात शेवटच्या पानावर 'एलएफयू' असं लिहिलंय, म्हणजे पेशंट यायचा बंद झाला. का बंद झाला, ते लिहायला तिथे जागाच नाही.

काढा पिणाऱ्यांत आणि काढ्यासाठी गोळ्या सोडणाऱ्यांत फार मोठा फरक आहे. पहिले शेकड्यांनी आहेत, दुसरे थोडे. पण दुसरे सगळे आधी पहिल्यांतलेच असतात. जो आपण काय घेतो हे तुम्हाला मोकळेपणाने सांगतो, त्याला तुम्ही अडवू शकता. जो सांगत नाही तो तुमच्या हातून निसटतो, आणि कुणी काही सांगूच नये अशी सोय केंद्रावर आपोआप झालेली आहे.

कशी? एका पेशंटने मागे खरं सांगितलं होतं. माझ्यासमोर. "सर, मी कोरफडीचा रस आणि एक चूर्ण घेतो." उत्तर आलं, "मग त्याच्याकडेच जा ना, इथे कशाला येता?" बाकावरचे हसले. त्या हसण्यात मीही होते, आज लाज वाटते. त्या दिवशी बाकावर बसलेल्या साठ जणांनी एकाच वेळी ठरवलं की इथे हे बोलायचं नाही.

जगात याची दोन टोकं आहेत. दक्षिण आफ्रिकेत आरोग्यमंत्रीच लसूण, बीट आणि लिंबाचा प्रचार करत होत्या. २००६ च्या टोरोंटोच्या एड्स परिषदेत त्यांच्या देशाच्या स्टॉलवर हीच फळं-कंद मांडली होती. गोळ्या वेळेत न पोचवल्यामुळे २००० ते २००५ या काळात तिथे ३ लाख ३० हजारांहून जास्त माणसं गेली, असा हार्वर्डच्या संशोधकांचा हिशेब आहे. तिथे सरकार बोललं आणि चुकीचं बोललं. आपल्याकडे सरकारने गोळ्या दिल्या, चांगल्या दिल्या, त्याबद्दल मी रोज रात्री हात जोडते. पण काढ्याबद्दल केंद्रावर कुणी हूं की चूं करत नाही, आणि मधली जागा दुसरेच भरतात. २०२१ च्या अंदाजानुसार देशातल्या २४ लाखांपैकी जवळपास ३ लाख ९४ हजार एचआयव्हीसह जगणारे एकट्या महाराष्ट्रात आहेत, सगळ्या राज्यांत जास्त. एवढं मोठं गिऱ्हाईक कोण सोडेल?

कायद्याचं म्हणाल तर औषध नियमांच्या शेड्यूल 'जे' मध्ये एड्स आहे, त्यातला आजार बरा करतो असा दावा करायचा नाही. विकणाऱ्यांना तो नियम तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. म्हणून बाटलीवर आमच्या आजाराचं नाव कधीच नसतं. 'इम्युनिटी', 'शक्ती', 'ओज' एवढंच. बाकीचं तोंडी सांगतात. आमच्या बचत गटाच्या बैठकीत तर गटातलीच एकजण साखळी पद्धतीने पावडर विकते, डबा साडेतीन हजाराचा, त्यात कॅल्शियम, लोह, जस्त सगळं. तिला नाही म्हणणं किती अवघड असतं! 'का नको?' असं तिने विचारलं तर काय सांगू?

तर मागणं एवढंच. त्या चार प्रश्नांच्या खाली पाचवा छापा. पण विचारताना 'आयुर्वेदिक वगैरे घेत नाही ना?' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'नाही' हेच असतं. त्या मुलाने विचारलं तसं विचारा. सगळे काही ना काही घेतातच, असं धरून विचारा: काढा कुठला, पित्ताला काय, रक्तवाढीला काय, शक्तीला काय, झोपेला काय? प्रत्येकीकडे निदान दोन तरी निघतील. पिशवी घेऊन या म्हणा. वर्षातून एकदा, व्हायरल लोडच्या वेळी, घरातलं जे जे तोंडात जातं ते सगळं टेबलावर ओतायला सांगा. लोड वाढलेला दिसला तर 'किती चुकवले' याच्या आधी पिशवी बघा.

वेळेचं सांगताना 'दोन तास आधी, सहा तास नंतर' हे सांगू नका. मला इतकी वर्षं होऊन ते उलटसुलट होतं. रात्री जेवल्यावर गोळी, बाकी सगळं सकाळी न्याहारीला, असं सांगा. शिक्का करून घ्या, हिरव्या पुस्तकावर मारा. भिंतीवर मराठीत तक्ता लावा आणि त्यात तुमची नावं न लिहिता आमची लिहा: शंखभस्म, मंडूर, कामदुधा, त्रिकटू, गुळवेल, लसणाची कॅप्सूल, साडेतीन हजाराची पावडर. लिव्हरपूल विद्यापीठाची औषधं एकमेकांत पडताळून बघायची मोफत सोय फोनवर चालते, खिडकीवरच्या त्या मुलाने मला दाखवली. पण तिच्यात आमच्या बाजारातली नावं टाकून काही निघत नाही. ती कुणीतरी बसून जुळवायला हवीत. पुण्यात भोसरीला एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९९२ पासून आहे. कामदुधा आणि डोलुटेग्राव्हिर एकत्र घेतलं तर रक्तात किती उतरतं, हे मोजायला भोसरीपेक्षा जवळची जागा कुठली?

आणि वैद्यांना सोबत घ्या. आमच्या गावातला पहिला डॉक्टर बीएएमएसच आहे, तापाला आम्ही त्याच्याकडेच जातो. त्याला बोलावून एक दिवस शिकवा, गोळ्या कुठल्या आणि कशाशी जमत नाहीत. चांगला वैद्य कधीच गोळ्या बंद करायला सांगत नाही. तो उलट तुमच्याकडे पाठवतो. तालुक्याचा तो मंगळवारचा वैद्यही, खरं सांगते, २००८ ला मला म्हणाला होता, "आता सरकारी गोळ्या घ्या, माझं काम संपलं." त्याचा नंबर केंद्रावर कुणी कधी घेतला नाही.

हे पत्र वाचून कुणाला राग आला तर येऊ द्या. आमच्या केंद्रावर भले लोक आहेत. लॉकडाउनमध्ये स्वतःच्या दुचाकीवर गोळ्या घरपोच आणणारेही तुम्हीच होता. म्हणूनच लिहायचं धाडस झालं. नाव लिहीत नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने आमचं नाव गुप्त ठेवायचा हक्क दिलाय हे खरं, पण कारण साधं आहे, मुलीचं लग्न ठरतंय.

आपली,
२००८ पासूनची एक पेशंट

ता. क. : पुढच्या सोमवारी माझी तारीख आहे. पिशवीत च्यवनप्राशचा डबा, आस्कंद आणि बचत गटातल्या पावडरीचा अर्धा डबा घेऊन येतेय. पावडर शेवटी घेतलीच. कधी घ्यायची तेवढं सांगा, साडेतीन हजार गेलेत.